पाटावरचं विमान

आमच्या घरात एक विमान होतं असं मी म्हटलं की नातवंडं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. होतं म्हणजे होतं. बोटीवरून उडायचं लढाऊ विमान, दोन इंजिनांचं. आता ते कापडावर काढलेलं होतं आणि कापडावरून पुढे कुठे गेलं नाही, ही गोष्ट वेगळी. आमच्या काष्टी गावापासून समुद्र लांब. मी तर तो तेव्हा पाहिलासुद्धा नव्हता. पण त्या वर्षी आमच्या दोन खोल्यांत समुद्राशिवाय दुसरं बोलणं नव्हतं.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष होत आलं होतं. आमचे हे बंगळूरला विमानांच्या कारखान्यात नकाशे उतरवायचे. साहेबानं कागदावर पेन्सिलीनं काढलेलं चित्र असायचं, त्यावर एक झिरझिरीत कापड ताणून बसवायचं आणि शाईनं रेघ न् रेघ उतरवायची, असं ते काम. लढाई थांबली तशी कारखान्यानं माणसं कमी केली. ज्येष्ठात हे एक ट्रंक आणि एक लांब पत्र्याची नळी घेऊन स्टेशनावर उतरले. शिमग्याला रजेवर येऊन गेले होते, आणि मला दिवस गेलेले. मला वाटलं, देवानं बरोबर वेळ साधली, आता हे घरी राहतील.

घरी राहिले, पण घरात राहिले नाहीत. म्हणजे कसं सांगू? जेवायला बसले तर एक मांडी घातलेली, दुसरा गुडघा उभा. बोटं ताटाच्या कडेवर ताल धरल्यासारखी. भात वाढेपर्यंत उठून उंबऱ्यापर्यंत जाऊन यायचे. दौंडहून गाडी आली की हातातला घास हातात राहायचा, आणि ती नगरच्या दिशेनं पार ऐकू येईनाशी होईपर्यंत तोंडात जायचा नाही. सासूबाई म्हणायच्या, "अरे, बूड टेकव जरा. तुझ्या पाटाखाली निखारे ठेवलेत का मी?"

"नाही गं आई."

"मग गिळ."

मामंजी, म्हणजे माझे सासरे, आमच्या यांच्याशी मोजकं बोलायचे. मामंजी गावचे भटजी. कुणाचं लग्न, कुणाची वास्तुशांत, कुणाचा दहावा, सगळं त्यांच्याकडे. एकुलता एक मुलगा पोथी सोडून लोखंडाकडे गेला, हे त्यांनी गिळलं होतं, पचवलं नव्हतं. यांच्या कामाला त्यांनी कधी नावच दिलं नाही. "ते संपलं का?" एवढंच विचारायचे. ते म्हणजे बंगळूरची नोकरी.

त्या पत्र्याच्या नळीत विमान होतं.

ते यांनी कुणा साहेबाचं उतरवलेलं नव्हतं, स्वतःच्या डोक्यातून काढलं होतं. त्याचं असं झालं. कारखान्यात एक साहेब होता. आधी तो बोटीवरची विमानं चालवायचा, पाय दुखावला म्हणून कारखान्यात आला. तो यांना सांगायचा, बोटीवर उतरणं म्हणजे जीव मुठीत धरणं. बोट हलती, उतरायची जागा अंगणाएवढी, आणि विमानाचं इंजिन नाकात. त्या लांब नाकामुळे नेमकं उतरायच्या वेळी समोरचं काही दिसत नाही. माणूस मान बाहेर काढून तिरकं बघत बघत उतरतो. चुकला की समुद्र.

यांच्या डोक्यात ते शिरलं. इंजिन नाकातून काढून माणसाच्या पाठीमागे नेलं तर? यांनी काढायला घेतलं. साहेबानं पाहिलं आणि म्हणाला, नीट पुरं कर. मी कायमचा विलायतेला जाईन तेव्हा घेऊन जाईन. तिकडे विमानं काढणारे माझ्या ओळखीचे आहेत. पसंत पडलं तर तुला तिकडच्या नकाशाघरात बोलावून घेतील.

त्या साहेबाचा मेहुणा नगरच्या छावणीत होता. बोट धरण्याआधी साहेब त्याच्याकडे मुक्कामाला येणार आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नगर सोडणार, असं ठरलेलं. म्हणजे यांना दसऱ्यापर्यंत चित्र पुरं करून नगरला पोचवायचं होतं. पोचलं आणि पसंत पडलं तर हे विलायतेला जाणार, ते कधी परत येतील देव जाणे. नाही पोचलं तर हे इथंच राहणार, आणि हे असे, एका मांडीवर. मला दोन्हीचा घोर. कुठल्या बाजूनं देवाला साकडं घालावं तेच कळेना, म्हणून मी नुसताच दिवा लावायचे.

ते कापड मला आधी कागदच वाटला होता. निळसर, एका अंगानं काचेसारखं गुळगुळीत. मी हात लावायला गेले तर हे ओरडले, "हात ओला आहे तुझा!" मग समजावून सांगितलं. तलम सुती कापडाला खळ देऊन घोटलेलं असतं. पाण्याचा थेंब पडला की तिथली खळ सुटते, कापड आकसतं आणि रेघ जाते. म्हणून हे मनगटाखाली कोरा कागद ठेवून काम करायचे, कपाळाचा घाम सारखा बाहीला पुसायचे. बंगळूरला म्हणे बिघडलेले तुकडे नकाशेवाल्यांच्या बायका घरी न्यायच्या. ऊन पाण्यात खळ काढली की आतून मऊसूत मलमल निघते, तिची पोरांना झबली शिवायच्या.

मी म्हटलं, "मग बिघडवा की एखादा तुकडा. लागेलच आपल्याला."

यांनी माझ्याकडे असं बघितलं की तो विनोद मी पुन्हा केला नाही.

मी शाळेत गेलेली नाही. मराठी अक्षरं मी मामंजींच्या पंचांगावरून जुळवली, आणि इंग्रजी या विमानावरून. त्यामुळे मला ते विमान अजून पाठ आहे. पण पहिल्यांदा समजलं ते फुंकणीवरून. सासूबाई एकदा दुपारी चुलीपुढे शोधाशोध करत होत्या. "फुंकणी कुठे गेली? आणि उलथनं?" बाहेर येऊन बघतात तो हे ओसरीवर फुंकणीत उलथन्याचा दांडा घालून बसलेले. दांड्याच्या टोकाला आणि फुंकणीच्या टोकाला पळसाच्या पानांची चक्रं टोचलेली, एकापुढे एक.

"हे बघ आई. इथं माणूस बसतो, पुढे. त्याच्या पाठीमागे एक इंजिन, त्याच्या मागे दुसरं. मागच्याचा दांडा हा, आतून जाणारा. पुढच्याची ही नळी, दांड्याच्या बाहेरून. दोन्ही माणसाच्या बैठकीखालून थेट नाकापर्यंत. दांडा पुढचा पंखा फिरवणार उजवीकडे, नळी मागचा पंखा फिरवणार डावीकडे."

"दोघं एकमेकांच्या उलटे? भांडतील की."

"भांडत नाहीत, एकमेकांची ओढ मारतात. एकच पंखा असला तर विमान एका अंगाला जातं. आणि नुसती टेहळणी असली तर एक इंजिन बंद ठेवायचं, तेल वाचतं. समुद्रावर एक बिघडलं तर दुसऱ्यावर बोट गाठायची."

सासूबाईंनी ते फिरवून बघितलं. माहेरी त्यांच्या बैलगाड्या होत्या, त्यामुळे ओझ्याचं त्यांना कळायचं. "सगळं ओझं मागे टाकलंस. गाडी उलाळ होईल, जू वर जाईल."

"म्हणून तर पंख मागे सरकवलेत."

"पंख सरकतात?"

"मिटतातसुद्धा. बोटीच्या पोटात जागा कमी असते ना, पंख मिटून ठेवतात."

"पंख मिटून बसतंय तर मग अंडी कधी घालतं तेही सांग, टोपली आणून ठेवते. आण ती फुंकणी इकडे, चूल विझली माझी."

मी पदराआड हसले. मामंजी दाराशी वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "उतरताना माणसाला खालचं दिसत नाही, म्हणून एवढं सगळं?"

हे चमकले. "हो."

"हं," मामंजी म्हणाले, आणि पुढची वात घेतली. बस्, एवढंच.

नवरात्र बसायच्या आधी हस्ताचा पाऊस झोडपून पडला आणि तात्यांचं इंजिन बुडालं. तात्या म्हणजे ओढ्यापलीकडचे उसाचे बागाईतदार. गावात तेलाचं इंजिन पहिल्यांदा त्यांनी आणलं. पण विहीर खोल. वरून पंप तेवढं पाणी ओढत नाही, म्हणून इंजिन आणि पंप दोन्ही विहिरीच्या पोटात दगडी टप्प्यावर बसवलेले असायचे. पाणी एकदम चढलं की दोन्ही पाण्याखाली. बैल जुंपून दोरांनी वर काढलं तेव्हा त्या इंजिनातून बेडूक निघाला.

तात्या आमच्या अंगणात येऊन उभे. "विंजनेरसायब, तुमी घरात हाय म्हून बरं. इंजान उघडा. आन् आता त्ये मी खाली न्हाई ठिवनार. वर काठावरच ठिवू."

"वर ठेवून पंप चालणार नाही, तात्या."

"का? पंप खाली ऱ्हाऊ द्या, इंजान वर. दोगांत तेवढी सोयरीक जमवा."

यांनी बोटानं खालून वर हवेत एक रेघ ओढली. मग यांचा चेहरा असा उजळला की मला धडकी भरली. इंजिन एकीकडे, फिरायची वस्तू लांब दुसरीकडे, मध्ये लांबलचक दांडा. हे तर विमानच! लगेच कपडे करून तात्यांबरोबर निघाले, जेवायलाही थांबले नाहीत.

दौंडला रेल्वेच्या भंगारातून लोखंडी दांडे आणले, जोडून एक केले. पंप खाली टप्प्यावर उभा बसवला, त्यातून दांडा सरळ काठापर्यंत वर, त्याला चाक, आणि इंजिनाचा पट्टा पीळ देऊन त्या चाकावर. बघायला गाव लोटलं. मी पोटुशी, म्हणून सासूबाईंनी मला विहिरीजवळ जाऊ दिलं नाही, बांधावरच्या निंबाखाली बसवलं. पण स्वतः मात्र पुढे.

इंजिन सुरू झालं. दांडा आधी सरळ फिरला, मग वेग चढला तसं त्याला मध्येच पोट आलं. पोरी उड्या मारायची दोरी फिरवतात ना, तसा तो विहिरीत गरगरायला लागला. दगड निसटले. लोक चपला सोडून पळाले. तात्या ओरडत होते, "बंद करा, बंद करा! अंगात आलंय त्येच्या!" यांनी काठीनं पट्टा उडवला. दांडा हळूहळू शांत झाला.

मी निंबाचं खोड धरून उभी. आणि हे काय करत होते? हसत होते. बंगळूरहून आल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणानं हसत होते.

"हासायला काय झालं?" तात्या चिडले. "आमचा जीव गेल्ता!"

"तात्या, हेच जर समुद्रावर झालं असतं, माणसाच्या बैठकीखाली?"

"समुद्राचं मला न्हाई म्हाईत. माज्या उसाचं सांगा."

यांनी विहिरीत आडवी लाकडं टाकली, दांड्याला दोन ठिकाणी बाभळीच्या ठोकळ्यांत धरलं, ठोकळ्यांना एरंडेल पाजलं. मग फिरवलं तर दांडा बिचारा सुतासारखा. पाटात पाणी आलं. तात्यांच्या घरच्यांनी पाण्याला हळद-कुंकू वाहिलं. आणि आमचे हे पाणी बघायलाही थांबले नाहीत. पळत घरी आले आणि पत्र्याची नळी उघडली. विमानातल्या लांब दांड्याला मध्ये आधारच नव्हता! वस्तऱ्याच्या पात्यानं शाई खरवडून काढली आणि बैठकीच्या अगदी खाली एक आधार बसवला. मग त्यामुळे तेलाची टाकी हलली, टाकी हलली म्हणून पंख हलले. पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारू नका. हे कापडावर ओणवे, मी दाराशी, आणि घटापुढचा दिवा. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी शेवटची रेघ ओढली आणि हे खाली फरशीवर आडवे झाले. तरी पाय हलतच होते.

दसऱ्याच्या दिवशी सकाळच्या गाडीनं नगरला जायचं ठरलं. मलाही बाळंतपणाला माहेरी पोचवायचं होतं. माझं माहेर नगरातच, म्हणजे एका खेपेत दोन्ही कामं.

खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. मामंजींना त्या दिवशी उसंत नसते. नांगर, कोयते, लोहाराची ऐरण, न्हाव्याची धोपटी, सगळीकडे बोलावणं. त्या वर्षी तात्यांनी इंजिनाची पूजा करायला बोलावलं, आणि यांनाही नेलं, पूजा झाल्यावर एकदा चालवून दाखवा म्हणून. मामंजी पूजा आटोपून आधी घरी आले, हे तिकडेच अडकले. मी आत पाट्यावर पुरण वाटत होते. मामंजींनी सासूबाईंकडे पाट मागितला, रांगोळी मागितली. दरवर्षी ते घरची विळी, कात्री आणि पोथ्या पुजतात, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. मंत्र ऐकू येत होते. मला एवढंच वाटलं की आज जरा लांबली पूजा.

हात पुसत बाहेर आले आणि उंबऱ्यातच थांबले.

पाटावर विळी होती, कात्री होती, यांची लेखण्यांची पेटी होती, आणि मध्ये पाटभर पसरलेलं विमान. त्यावर दर्भानं शिंपडलेलं पाणी. गंध, हळद, कुंकू, अक्षता. झेंडूची ओली फुलं दोन्ही पंखांवर. आणि कुंकवाची दोन बोटं उठवलेली नेमकी दोन इंजिनांवर. मामंजींना कुणी दाखवलं नव्हतं इंजिनं कुठे ते. दाराशी वाती वळता वळता त्यांनी सगळं ऐकून ठेवलं होतं.

कापड डोळ्यांदेखत आकसत होतं. निळं कापड ठिकठिकाणी पांढरं पडायला लागलेलं. सासऱ्यांसमोर सुनेनं तोंड उघडायचं ते दिवस नव्हते.

तेवढ्यात हे आले. दारातूनच दिसलं त्यांना. मामंजी वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी एरवी फक्त काकडआरतीला बघितलेलं समाधान होतं. "ये," ते म्हणाले. "नमस्कार कर. उद्या परक्या हाती जायचंय ते. त्याआधी आपल्या देवाचा हात फिरायला हवा."

हे उभे राहिले. मग खाली वाकले, पाटाला डोकं टेकवलं, वडिलांच्या पाया पडले, आणि परसात निघून गेले.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "काय गं झालं? चेहरा का असा?"

मी हळूच सांगितलं, पाण्यानं काय होतं ते. मला वाटलं मामंजींना ऐकू गेलं नसेल. पण ते माझ्याकडे वळले. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला थेट काही विचारल्याची ती पहिलीच वेळ.

"पाण्यानं जातं ते?"

"हो, मामंजी."

"सगळं?"

"जिथं पाणी लागलं तिथलं."

ते पाटाकडे बघत राहिले. एक फूल उचललं, त्याच्याखालचा पंख बघितला, फूल परत ठेवलं. मग स्वतः परसात गेले. मी आणि सासूबाई दाराआड.

"चल आत," मामंजी म्हणाले. "पुन्हा काढ."

"आज हत्यार उचलायचं नसतं, बाबा. पूजा झाली आहे." यांचा आवाज इतका सपाट होता की मला भीती वाटली.

"उद्यापर्यंत उचलायचं नसतं, बरोबर. पण उत्तरपूजा केली की पूजा उठते. ती कधी करायची ते भटजी ठरवतो. भटजी मी आहे."

आणि खरंच, आत येऊन त्यांनी पाटावर अक्षता टाकल्या, दोन शब्द पुटपुटले, पाट किंचित हलवला, आणि पेटीवरचं फूल काढून पेटी यांच्या हातात दिली. सासूबाई म्हणाल्या, "अहो, गावाला कळलं तर?"

"गावाच्या कोयत्यांची उठलेली नाही. माझ्या घरची उठली."

पण नवं कापड कुठून आणणार? ते बंगळूरहून आणलेलं शेवटचं होतं. मग यांनी खालचा पेन्सिलीचा जाड कागद काढला, त्यावर मधल्या आधाराचे बदल नव्हते, ते केले, आणि त्याच कागदावर शाई चढवायला बसले. दिवस कलला. मामंजींनी समई उचलून यांच्याजवळ आणून ठेवली, मग तेल सांडेल म्हणून घाईनं मागे सरकवली, मग उजेड पडेना म्हणून पुन्हा पुढे आणली. शेवटी हातातच धरून बसले.

दसऱ्याला आम्ही नगरला उतरलो. टांगा केला तो थेट छावणीकडे. पत्र्याच्या नळीत जाड कागदही होता आणि ते डागाळलेलं कापडही. त्यावरच्या काही बाजू शाबूत होत्या. मी टांग्यातच बसले, निंबाच्या सावलीत. समोर बंगल्याचा व्हरांडा, तिथं साहेब वेताच्या खुर्चीत, आणि हे उभे.

मी मनात धरलं होतं, नळी साहेबाकडे राहिली तर हे जाणार. त्यामुळे माझी नजर त्या नळीवर. ऐकू काही येत नव्हतं, आणि आलं असतं तरी इंग्रजी मला कुठलं कळायला. साहेबानं कागद पसरला, मग कापड. कुंकवावर बोट ठेवून विचारलं. हे काहीतरी बोलले. साहेब हसला नाही. त्याचं बोट नाकापासून मागे मागे गेलं आणि मध्ये थांबलं. हातानं दांडा गरगरल्याची खूण करत हे सांगायला लागले. तात्यांची विहीर! मी ओळखलं. साहेबानं मान डोलावली, पुन्हा पुन्हा डोलावली. झालं, पसंत पडलं.

मग साहेब बोलायला लागला, आणि हे ऐकायला. मग हे विचारायला लागले. हात मागे बांधलेले होते ते पुढे आले. एक विचारायचे, दुसरं विचारायचे. ऊन टांग्यात शिरलं, घोडा पाय आपटायला लागला. टांगेवाला म्हणाला, "बाई, सायबाला जेवायचं तरी हाय का न्हाई?"

शेवटी हे पायऱ्या उतरून आले. हात रिकामे. नळी वरच राहिली होती. मी डोळे मिटून घेतले. टांगा हलला, तोच मागून साहेबाचा नोकर धावत आला, "बाबूजी, बाबूजी!" आणि नळी आत सारून गेला. हे स्वतःचं विमान विसरून निघाले होते.

टांगा छावणीच्या बाहेर पडला. मग मीच विचारलं, "काय म्हणाले?"

"चांगलं आहे म्हणाला. मधल्या आधाराचं फार आवडलं त्याला."

"मग?"

"बांधणार नाहीत. असलं आता कुणीच बांधणार नाही. तिकडे नवी इंजिनं आली आहेत, बोटीवरच्या विमानांनाही तीच बसवणार. त्यात पिस्टन नाही. पंखा नाही. दांडाच नाही." बोटं गुडघ्यावर वाजत होती. "पुढून हवा घ्यायची, आत आग, आणि मागून झोत. त्या झोतावर विमान पुढे."

मी विचार केला. "म्हणजे फुंकणी."

हे माझ्याकडे बघत राहिले. "हो. फुंकणीच." मोठ्यानं हसले. हसता हसता तोंड दुसरीकडे वळवलं, आणि माझं माहेर येईपर्यंत वळवलेलंच ठेवलं. मी नुसती शेजारी बसून राहिले. दुसरं काय करणार?

मला पोचवून हे परत गेले. पुढचं मला माहेरी आल्यागेल्याकडून कळत राहिलं. तात्यांनी काष्टीच्या बाजारात वर ठेवलेल्या इंजिनाचा एवढा बोभाटा केला की श्रीगोंद्याहून बोलावणं आलं, मग आणखी लांबून, पार जामखेडच्या अंगाची माणसं आली. हे सायकलवर दांडे बांधून हिंडत होते. आज या विहिरीवर, उद्या त्या. घरात ठरत नव्हतेच, पण आता सासूबाई निखाऱ्यांचं म्हणत नव्हत्या. जाताना भाकरी बांधून देत होत्या.

मला मुलगी झाली. बारशाला काष्टीहून सगळे आले. सासूबाईंनी गाठोडं सोडलं आणि एक झबलं काढलं. पांढरं, इतकं मऊ की हाताला लागेना. मी उलगडलं. पाठीवर हळदीचे पुसट डाग, आणि त्यात दोन फिकट गुलाबी बोटं.

मी यांच्याकडे बघितलं. हे दारात उभे, नखांत ग्रीस. "मीच म्हटलं आईला, ऊन पाण्यात टाक. खळ निघाली, शाई निघाली. हळद काही निघाली नाही."

"पूजेचं कापड आहे," मामंजी म्हणाले. "पायदळी जायला नको. अंगावर चालतं."

मुलीला ते घालून यांच्या मांडीवर पालथी दिली. तिनं पाय झाडायला सुरुवात केली. रात्रभर तिनं आम्हाला डोळा लागू दिला नव्हता. यांनी त्या गुलाबी डागावर बोट ठेवलं आणि तिला सांगायला लागले, "हे बघ, हे पुढचं इंजिन. हे मागचं. आणि इथून दांडा निघतो तो थेट..."

"अरे, दांडा राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "आधी पंख मिटायला शिकव तिला."

यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. बोलणं थांबलं, पण मांडी हलतच राहिली, सवयीनं, एकसारखी. आणि त्या हलण्यावर पोर झोपी गेली.